खेड्यातल्या घराला गॅलरी: कोणासाठी, कुठे आणि किती खोल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात जुनं मातीचं घर उतरवून तिथे दोन मजली स्लॅबचं घर होतंय. मिस्त्री रस्त्याच्या बाजूने तीन फुटांची गॅलरी काढून देतो म्हणतो. घरात एकमत नाही. खेड्यात बाल्कनीचं काम काय, त्यापेक्षा खालची छपरी, म्हणजे ओसरी, मोठी करा, असं काहींचं म्हणणं आहे. तर गॅलरी ठेवावी का, आणि ठेवायची तर कशी?

मी वर्धा-यवतमाळ पट्ट्यात घरांचे नकाशे करते आणि बांधकामावर उभी राहते. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक दुमजली घराच्या वेळी निघतो. माझं उत्तर आधीच सांगते. गॅलरी जरूर ठेवा, पण तीन फुटांची लटकती नको. खाली छपरी जेवढी खोल, तेवढीच वर गॅलरी, त्याच खांबांवर उभी, आणि तिच्यावर छप्पर. एवढी जागा किंवा एवढा पैसा नसेल तर छपरी नीट करा आणि गॅलरी सोडून द्या. अर्धवट गॅलरी बांधून काही साधत नाही. ते का, ते आता सविस्तर लिहिते.

आपल्याकडच्या घरात छपरी काय काय करते ते आधी बघा. भंडारा-गोंदियाकडे तिला सपरी म्हणतात, इतर ठिकाणी ओसरी. आलेला माणूस चपला काढून तिथेच टेकतो, पाणी तिथेच मिळतं. मजुरीचा हिशेब तिथे होतो. बंगई, म्हणजे झोपाळा, तिथे टांगलेली असते. भादव्याच्या पौर्णिमेला भुलाबाई तिथेच बसते आणि कोजागिरीपर्यंत पोरींची गाणी तिथेच होतात. उन्हाळ्यात दुपारी म्हातारी माणसं तिथेच पडून असतात, आणि कापसाला भाव नसला की वेचलेला कापूसही तिथेच येऊन पडतो. घर आणि रस्ता यांच्यामधली ही सात-आठ फुटांची सावली आहे. बसलेला माणूस घरातही असतो आणि गावातही. तुम्ही दुमजली घर बांधता तेव्हा अर्धं कुटुंब वर राहायला जातं. त्या अर्ध्या कुटुंबाला ही जागा वर मिळणार की नाही, हा खरा प्रश्न आहे. गॅलरीचा विचार तिथून सुरू करावा.

माडीवरची पुढे काढलेली जागा विदर्भाला नवी नाही. अकोला जिल्ह्यातल्या नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा पाहिला नसेल तर पाहून या. पंधराव्या शतकाच्या अखेरीचं, बहमनी काळातलं काम आहे. दरवाज्याच्या अंगाला पुढे आलेले सज्जे आहेत, त्यांना दगडी जाळ्या आहेत आणि जाळ्यांची नक्षी एकसारखी नाही, पट्टीगणिक बदलते. नागपूरच्या महाल भागात भोसल्यांच्या काळातल्या जुन्या वाड्यांचे लाकडी सज्जे अजून काही ठिकाणी शिल्लक आहेत. खेड्यांत देशमुखांचे, पाटलांचे आणि मालगुजारांचे, म्हणजे जमीनदारांचे, वाडे होते. वाड्याच्या माडीला एक सज्जा रस्त्याकडे आणि एक आत चौकाकडे असे. सागवान आपल्या चांदा-आलापल्लीच्या जंगलातलं. तुळई भिंतीतून तशीच पुढे काढायची, तिच्यावर पाटई टाकायची आणि खालून लाकडी घोडे, म्हणजे टेकू, द्यायचे, अशी ती रचना. लाकडाची तुळई जेवढी भिंतीबाहेर, त्याच्या कितीतरी पट भिंतीच्या आत असायची. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सळईच्या वेळी हेच पुन्हा लागणार आहे.

या सज्ज्यात बसायचं कोण? रस्त्याकडच्या सज्ज्यात बहुतेक वेळा घरातल्या बायका. ओटा आणि ओसरीची पुढची बाजू पुरुषांची. बाईला पोळा पाहायचा असेल, तोरणाखाली उभ्या बैलजोड्या बघायच्या आणि झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, ऐकायच्या असतील, वरात पाहायची असेल, तर माडीवरून जाळीमागून. आपल्याला दिसावं आणि आपण दिसू नये, यासाठी ती जागा होती. हे बंधन होतं, यात शंका नाही. पण त्या बंधनात गावाकडे उघडणारी तेवढी एकच फट होती, म्हणून सज्ज्याचं बायकांना फार अप्रूप होतं.

कालिदासाने हे चित्र रंगवलंय, आणि तेही विदर्भाच्याच राजधानीत. रघुवंशाच्या सातव्या सर्गात इंदुमतीच्या स्वयंवरानंतर राजपुत्र अज नगरातून जातो. इंदुमती विदर्भाची राजकन्या. अजाला पाहायला नगरातल्या स्त्रिया हातातली कामं टाकून गवाक्षांकडे धावतात. एकीच्या पायाला आळता लावणं चाललेलं असतं, ती पाय ओढून घेते आणि खिडकीपर्यंत ओल्या पावलांची लाल रांग उमटते. दुसरीने उजव्या डोळ्यात काजळ घातलेलं असतं, डाव्यात घालायचं राहून जातं, आणि ती काजळाची काडी हातात धरूनच पळते. हेच श्लोक थोड्या फरकाने कुमारसंभवात शंकराच्या वरातीलाही आले आहेत. सांचीच्या तोरणांवरही, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या नगरांच्या देखाव्यांत, सज्ज्यांमधून खाली पाहणारी माणसं आहेत. रस्त्यावरून काहीतरी चाललंय आणि वरून घर ते पाहतंय, हा देखावा आपल्या कलेने दोन हजार वर्षं जपला आहे.

याच जागेचा उलटा उपयोगही झाला. मोगल बादशहा रोज सकाळी झरोक्यात येऊन प्रजेला दर्शन देत. अकबराने ही पद्धत रुळवली, औरंगजेबाने ती बंद केली. पुढे 1911 च्या दरबाराच्या वेळी इंग्रजांच्या राजा-राणीने दिल्लीच्या लाल किल्ल्याच्या झरोक्यात उभं राहून तीच पद्धत उसनी घेतली. तिथे वर बसलेल्याने खाली पाहायचं नसतं, खालच्यांनी वर पाहायचं असतं. युरोपच्या चित्रकलेत बाल्कनी पुष्कळ येते. त्यात माने या फ्रेंच चित्रकाराचं 1868-69 मधलं चित्र मला फार महत्त्वाचं वाटतं. हिरव्या लोखंडी कठड्यामागे तिघं जण आहेत, नटूनथटून बाहेर आलेले, आणि तिघांची नजर तीन दिशांना. कोणी कोणाशी बोलत नाही. शहरातल्या बाल्कनीचा एकटेपणा त्या चित्रकाराने तेव्हाच ओळखला होता. तुमच्या घरात गॅलरी यायची असेल तर ती कालिदासाच्या गवाक्षासारखी यावी, झरोक्यासारखी नको, असं मला मनापासून वाटतं.

तरीही प्रतिष्ठेची गोष्ट मी हसण्यावारी नेत नाही. जुनी माणसं सांगतात, पाटलाच्या वाड्यापेक्षा उंच घर गावात कोणी बांधायचं नाही, हा अलिखित दंडक होता. माडी ही ठरावीक घरांचीच. मालगुजारी 1951 मध्ये गेली, पण उंचीचा तो धाक मनातून जायला अजून दोन पिढ्या लागल्या. आज एखाद्या बौद्ध वस्तीत, नोकरीला लागलेल्या मुलाने आईबापांसाठी दुमजली घर बांधलं आणि त्याला रस्त्यावर गॅलरी काढली, तर त्या गॅलरीत रोज कोणी बसलं नाही तरी तिला अर्थ आहे. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत त्या कठड्यामागे घरातल्या चार पिढ्या उभ्या असतात. त्या घराला मी कधीच म्हणणार नाही की ही शोभेची वस्तू आहे, काढून टाका. मी एवढंच म्हणेन की वर्षाचा एक दिवस साजरा करणारी गॅलरी बाकीचे दिवसही वापरता येईल अशी करू.

शेतकऱ्याची स्वतःचीही एक बाल्कनी आहे, ती शेतात असते. जागलीला जाणारा माणूस ज्या मचाणावर रात्र काढतो, ते चार बल्ल्यांवरचं बसणं. वर गवताचं छप्पर, चारी बाजू उघड्या, बसायला आणि आडवं व्हायला पुरेल एवढी जागा, नजर रानडुकरावर. त्यात एकही गोष्ट दाखवण्यासाठी नसते. घराची गॅलरी आखताना मी मिस्त्र्याला मचाणाची आठवण देते, कारण खांबावर उभी, वरून झाकलेली आणि माणूस झोपेल एवढी खोल, या तिन्ही गोष्टी त्याला तिथून लगेच कळतात.

आता तीन फुटांच्या गॅलरीचं पुढे काय होतं ते सांगते. पहिल्या उन्हाळ्यात तिथे कूलरचा स्टँड येतो. त्यात काही चूक नाही, विदर्भात कूलरशिवाय एप्रिल-मे निघत नाही आणि कूलरला बाहेरची मोकळी हवा लागतेच. पण तीन फुटांत कूलर आला की उरलेल्या जागेतून माणूस अंग तिरकं करूनच जाऊ शकतो. मग कपड्यांची दोरी येते. मग सोयाबीनच्या रिकाम्या कट्ट्या (पोती), फवारणीचा पंप, जुनी बाज. दोन वर्षांत दार लावलेलं असतं ते उघडत नाही. माझ्या अनुभवात खुर्ची टाकून समोरून माणूस जायचा तर पाच फूट लागतात, आणि बाज टाकून झोपायचं तर सहा. त्याहून कमी खोलीची गॅलरी उभं राहण्यापुरती असते, आणि खेड्यात रिकामं उभं राहायला कोणाला वेळ नाही. 22 मार्च 2020 च्या संध्याकाळी थाळ्या वाजल्या तेव्हा शहरं बाल्कन्यांत होती. आपली गावं ओट्यावर, अंगणात आणि दारात उभी होती. दुमजली घरांतली माणसंसुद्धा जिना उतरून खाली आली होती. वरची जागा घराने आपली मानलेलीच नव्हती.

जिन्याचा मुद्दा इथेच घेते, कारण गॅलरी वापरली जाणार की नाही हे पुष्कळदा जिना ठरवतो. सगळीकडे जिना समोरून, बाहेरून काढतात, कारण जागा वाचते आणि वरचा मजला पुढे भाड्याने देता येतो. पण समोरच्या छपरीत पुरुषमंडळी किंवा पाहुणे बसलेले असले की घरातली सून त्यांच्यामधून वर जाणं टाळते. मग दिवसभर वरची गॅलरी तिच्यासाठी नसल्यात जमा. जिना माजघरातून किंवा मागच्या बाजूने घ्या. पायरी सहा इंचांपेक्षा उंच नको आणि पाय टेकायला अकरा इंच हवेत, म्हणजे गुडघे धरलेलं माणूसही चढेल. मी नकाशा करायच्या आधी घरातल्या बायकांशी वेगळं बसून बोलते. गॅलरी कुठे हवी, हे बहुतेक घरांत त्यांनाच नेमकं माहीत असतं: रस्त्यावर हवी की आतल्या अंगणाकडे, वाळवणावर नजर ठेवायला हवी की शाळेतून येणाऱ्या पोरांवर. पुष्कळ घरांत उत्तर येतं की मागे, वाडीकडे, जिथे शेजारणीशी बोलता येतं. तसं असेल तर गॅलरी मागेच ठेवा. समोर गॅलरी असलीच पाहिजे असा काही नियम नाही.

दिशेकडे आपण फार दुर्लक्ष करतो. आपण साधारण 20 ते 21 अंश उत्तर अक्षांशावर आहोत. मेच्या उत्तरार्धात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. म्हणजे दक्षिणेच्या भिंतीवर त्या काळात दुपारी ऊन पडतच नाही. त्रास पश्चिमेचा. मे महिन्यात चार वाजता सूर्य क्षितिजापासून साधारण 37-38 अंशांवर असतो आणि पाच वाजता 23-24 वर. त्या हिशेबाने पश्चिमेला तीन फुटांची गॅलरी काढली तर तिची सावली खालच्या भिंतीवर चार वाजता सव्वादोन ते अडीच फूट उतरते आणि पाच वाजता जेमतेम सव्वा फूट. भिंत तर नऊ-दहा फुटांची. गॅलरी काढल्याने खालची खोली थंड राहील, हे पश्चिमेपुरतं खरं नाही. तिथे उभा पडदाच लागतो: बांबूची चिक, वाळ्याचा तट्ट्या, किंवा सरळ एखादं कडुनिंबाचं झाड.

दक्षिणेची गॅलरी मात्र आपल्याकडे उत्तम. डिसेंबरात दुपारी सूर्य 46 अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे सहा फूट खोल गॅलरीतही ऊन मागच्या भिंतीपर्यंत येतं. उन्हाळ्यात तीच गॅलरी दुपारी सावलीत. दक्षिणेला तोंड नको म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी सांगते की दार दुसरीकडे ठेवा, गॅलरी दक्षिणेला घ्या. पूर्वेची गॅलरीही चांगली, दहानंतर ऊन सरतं आणि संध्याकाळी तिथे बसता येतं. उत्तरेबद्दल एक गैरसमज आहे की तिथे ऊन कधीच येत नाही. जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या जवळजवळ 25 अंश उत्तरेला मावळतो, म्हणून उत्तरेच्या भिंतीला उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन लागतं. ते सोसवतं, पण माहीत असावं. तुमचा रस्ता पश्चिमेला असेल आणि गॅलरी रस्त्यावरच हवी असेल, तर मार्च ते जून ती सूर्य मावळल्यावरच वापरायची आहे, हे धरून बांधा.

गॅलरीवर छप्पर नसेल तर वरचं सगळं व्यर्थ. सेवाग्रामला बापू कुटी पाहायला सगळे जातात, तिथली पडवी कमी लोक पाहतात. गांधीजी तिथे 1936 मध्ये राहायला आले. मीराबेनच्या देखरेखीखाली त्या कुट्या उभ्या राहिल्या, माती, बांबू आणि कौलं, जवळपास मिळणारं सामान. छप्पर किती खाली उतरवलंय ते पाहा. पडवीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवर आकाशाची तिरीप येत नाही, पावसाचा सडाका भिंतीपर्यंत पोचत नाही, आणि वारा मात्र खालून खेळतो. आपल्या आजच्या घरांत गॅलरीवर वरच्या स्लॅबचा छज्जा तेवढ्याच मापाचा, सरळ आणि दहा फुटांवर असतो, त्याने ना ऊन अडतं ना पाऊस. माझा आग्रह असा की गॅलरीवरचं छप्पर उतरतं असावं, पुढची कड सात-साडेसात फुटांवर आणावी. कौलं घातली तर फारच चांगलं, पण आपल्याकडे वानरांच्या टोळ्या कौलांवर उड्या मारतात आणि दर पावसाळ्याआधी ती फेरावी लागतात. ते जमणार नसेल तर पत्रा घाला, पण पत्र्याखाली बांबूच्या चटईचं किंवा लाकडाचं अस्तर हवंच, नाहीतर मे महिन्यात तिथे मांजरही बसणार नाही.

कठड्याची उंची साडेतीन फूट. उभ्या सळया, दोन सळयांत चार इंचांपेक्षा कमी अंतर. आडव्या सळयांच्या रेलिंगची सध्या फॅशन आहे. लहान मूल तिच्यावर शिडीसारखं चढतं, म्हणून घरात मूल असेल किंवा होणार असेल तर ती अजिबात नको. ज्या घरात बायकांना खाली बसून काम करताना रस्त्यावरून दिसणं नको असतं, तिथे मी खालचे अडीच फूट विटांची जाळी करते आणि वर रेलिंग. जाळीची भोकं तीन इंचांपेक्षा मोठी नसावीत. बसलेल्याला वारा मिळतो, रस्ता दिसतो, आणि वाटलं तर उभं राहून पुढे यायचं की नाही हे तिचं तिला ठरवता येतं. स्टीलच्या चकचकीत रेलिंगला एप्रिलच्या दुपारी हात लावून पाहा, मग लाकडाची हातपट्टी का घ्यावी ते सांगावं लागणार नाही.

आता बांधकाम. इथे जीव जातात, म्हणून थोडं तपशिलात लिहिते.

दोन भिंतींवर टेकलेला स्लॅब मध्ये खाली झुकू पाहतो, त्याचा ताण खालच्या बाजूला येतो, म्हणून सळई खाली असते. भिंतीतून बाहेर लटकणाऱ्या स्लॅबचं उलटं. त्याचं टोक खाली झुकतं आणि ताण वरच्या बाजूला येतो. म्हणून मुख्य सळई वर असली पाहिजे. खेड्यात गॅलऱ्या आणि छज्जे पडण्याचं मोठं कारण हेच की सळई खाली टाकली जाते, किंवा वर बांधलेली असते पण स्लॅब भरताना घमेली घेऊन चालणारी माणसं तिच्यावर पाय देऊन तिला खाली दाबतात. सळईखाली लोखंडी चेअर, म्हणजे तिला उचलून धरणारे छोटे टेकू, पक्क्या बांधून घ्या आणि चालायला वेगळ्या फळ्या टाकायला लावा. सळई जेवढी बाहेर, निदान दीडपट आत जायला हवी. वाड्याच्या तुळईचा हिशेब तोच होता. काँक्रीटच्या कामासाठीच्या आयएस 456 या भारतीय मानकात लटकत्या भागासाठी लांबी आणि सळईपर्यंतची जाडी यांचं मूळ गुणोत्तर 7 धरलं आहे, दोन्ही बाजूंनी टेकलेल्याला 20. म्हणजे तीन फूट बाहेर काढायचं तर जवळपास पाच इंच जाडी, आणि पाच फूट काढायचं तर साडेआठ इंच. इंजिनिअरच्या गणितात हे थोडं कमी-जास्त होतं, पण पाच फुटांची गॅलरी नेहमीच्या पाच इंची स्लॅबमध्ये लटकवून देणारा मिस्त्री तुम्हाला धोक्यात घालतोय. म्हणूनच मी खांब सुचवते. खालच्या छपरीला खांब लागणारच आहेत, तेच वर न्या, मग सहा फूट खोलीही सोपी आणि सुरक्षित.

खांबांचीही एक अट आहे. आपल्या काळ्या भारी जमिनीत पाणी मुरलं की माती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आकसते. घराचा पाया मुरमापर्यंत नेतात आणि छपरीच्या खांबांना दोन-तीन फुटांचा खड्डा पुरे म्हणतात. मग घर जागेवर राहतं, छपरी वर-खाली होते, आणि दोन पावसाळ्यांत गॅलरी आणि भिंत यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट पडते. छपरीच्या खांबांचा पाया घराच्या पायाएवढाच खोल, त्याच थरावर, आणि दोन्ही प्लिंथ बीमने, म्हणजे जोत्याच्या पातळीवरच्या काँक्रीटच्या तुळईने, बांधलेले असावेत. अंगणातलं सांडपाणी खांबांच्या मुळाशी मुरू देऊ नका.

वजनाचा विचार शहरातला इंजिनिअर करत नाही, कारण त्याच्या डोळ्यांसमोर खुर्च्या आणि कुंड्या असतात. घरातल्या बाल्कनीसाठी नेहमी धरला जाणारा भार चौरस मीटरला साधारण 300 किलो आहे. तूर किंवा सोयाबीनची क्विंटलची पोती उभी लावली तर पहिल्याच ओळीत आणि आडवी रचली तर दोन थरांत हा आकडा ओलांडतो. आणि पोती माणसं कठड्याला टेकवून लावतात, म्हणजे सगळा भार टोकावर, जिथे लटकत्या गॅलरीला तो सर्वांत जड जातो. वरातीच्या वेळीही तेच, सगळे पुढच्या कडेला. माल वर ठेवायचाच असेल तर नकाशा करताना स्पष्ट सांगा, त्याप्रमाणे डिझाइन करता येतं. न सांगता ठेवू नका.

विजेच्या तारा ही खेड्यातली दुसरी जीवघेणी गोष्ट. रस्त्याच्या कडेने लाईन जाते आणि गॅलरी नेमकी तिच्याकडे सरकते. नियमाप्रमाणे 11 केव्ही लाईनपासून आडवं अंतर 1.2 मीटर आणि उभं 3.7 मीटर हवं. घरगुती लाईनपासूनही आडवं 1.2 मीटर, आणि ती वरून जात असेल तर उभं 2.5 मीटर. हे अंतर भिंतीपासून मोजू नका, कठड्याच्या बाहेरच्या कडेपासून मोजा, आणि हातात ओला कपडा किंवा लोखंडी नळी धरलेला माणूस तिथे उभा आहे असं समजून आणखी थोडं सोडा. अंतर भरत नसेल तर बांधकामाआधी लाईन सरकवण्याचा अर्ज करा. गावठाणातल्या अरुंद रस्त्यावर गॅलरी आपल्या हद्दीबाहेर काढू नका. कडब्याची किंवा कापसाची उंच गाडी अडते, आणि पुढे समोरच्यानेही तेच केलं की दोन घरं एकमेकांच्या अंगावर येतात.

पाण्यासाठी तीनच गोष्टी. गॅलरीची फरशी खोलीच्या फरशीपेक्षा दीड-दोन इंच खाली, उतार बाहेरच्या बाजूला, आणि स्लॅबच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच. ही खाच नसली की पाणी स्लॅबच्या पोटाला चिकटून आत येतं, सळई गंजते, फुगते आणि खालचं प्लास्टर सुटतं. कूलरचं पाणीही नळीने खाली सोडा.

जागाच नसलेल्यांसाठी एक शब्द. घरकुल योजनेतलं घर किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे 269 चौरस फुटांचं, आणि मदतही बेताची. त्यात वरचा मजला आणि गॅलरीचा प्रश्नच येत नाही. पण अशा घरांत राहायला गेल्यावर माणसं पहिली भर कशाची घालतात ते पाहा: दारापुढे चार बल्ल्या आणि दोन पत्रे. ज्यांना नवीन घरकुल मिळतंय त्यांनी दार भिंतीच्या मधोमध न घेता एका कडेला घ्यावं, म्हणजे पुढे छपरी घालताना बाज टाकायला सलग भिंत मिळते.

शेवटी सेंट्रिंगबद्दल, म्हणजे ओल्या स्लॅबखालच्या फळ्या-बल्ल्यांच्या आधाराबद्दल. खांबांवरच्या गॅलरीतही टोकाचा फूट-दीड फूट भाग लटकता राहतोच, म्हणून हे तुम्हालाही लागू आहे. मिस्त्र्याला दुसऱ्या कामावर फळ्या न्यायची घाई असते. साध्या स्लॅबखालच्या बल्ल्या आठवड्याने काढल्या तर काही वेळा चालून जातं, लटकत्या भागाखालच्या काढू देऊ नका. निदान 14 दिवस, आणि मी स्वतः 21 ठेवायला लावते, तेवढे दिवस रोज पाणी मारून. काढताना बाहेरच्या टोकाकडून भिंतीकडे यायचं. भिंतीकडच्या आधी काढल्या तर काँक्रीट टोकावर टेकून राहतं आणि ज्या बाजूला सळई नाही तिथे ताण येतो. त्या काळात वरच्या मजल्याच्या विटा गॅलरीवर रचू देऊ नका. त्या अंगणात ठेवा आणि लागतील तशा वर न्या.